चालू प्रोसेसची यादी : ‘पीएस’पासून ‘टॉप’पर्यंत

संगणकावर या क्षणी कोणकोणत्या प्रोसेस चालू आहेत हे कमांड लाइनवर दाखवणारी ‘पीएस’ ही आज्ञा युनिक्समध्ये 1973 मध्ये आली. तेव्हा एकाच पीडीपी-11 यंत्रावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून काम करत. यंत्र अडले, तर ते कोणाच्या कामाने, हे आधी शोधावे लागे.

सुरुवातीची ‘पीएस’ कर्नलला काहीच विचारत नसे. ती यंत्राची मेमरी थेट उघडून त्यातला प्रोसेसचा तक्ता वाचत असे. कर्नलची अंतर्गत रचना बदलली की ‘पीएस’ पुन्हा कंपाइल करावी लागे, नाहीतर भलतेच आकडे दिसत. शिवाय एवढ्याशा प्रोग्रॅमला सगळी मेमरी वाचण्याची मुभा देणे धोक्याचेच होते. बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी 1984 मध्ये यावर तोड काढली : प्रत्येक प्रोसेस ‘प्रॉक’ या डिरेक्टरीत फाइल म्हणून दिसू लागली. लिनक्सने ही कल्पना पुढे नेली आणि ती माहिती साध्या मजकुरात दिली. या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच. दर काही सेकंदांनी यादी ताजी करणारा विल्यम लफेव्र यांचा ‘टॉप’ही 1984 चाच.

यादीतली एकेक ओळ बारकाईने वाचण्याजोगी असते. क्रमांक, टर्मिनल आणि खर्च झालेला वेळ यांच्यासोबत अवस्थेचे एक अक्षर येते. ‘आर’ म्हणजे चालू किंवा पाळीची वाट पाहणारी, ‘एस’ म्हणजे झोपलेली. ‘झेड’ असलेली प्रोसेस संपलेली असते; पण तिच्या जनक प्रोसेसने निकाल वाचलेला नसतो, म्हणून तिची नोंद तक्त्यात राहते. अशी प्रोसेस ‘किल’ने मारता येत नाही.

महासंगणकावर ‘पीएस’ अपुरी पडते. सी-डॅकने पुण्यात 1998 मध्ये उभारलेला परम 10000 काय किंवा पुण्याच्याच आयसरमधला 2019 चा परम ब्रह्म काय, अशी यंत्रे अनेक नोड जोडून बनतात आणि ‘पीएस’ फक्त त्या-त्या नोडपुरतेच सांगते. कोणाचे काम कोणत्या नोडवर चालू आहे, हे शेड्यूलरच्या रांगेत पाहावे लागते.

प्रोसेस ज्या आज्ञेने सुरू झाली तिची पूर्ण ओळही ‘पीएस’ दाखवते आणि बहुतेक यंत्रांवर ती इतर वापरकर्त्यांनाही दिसते. लिनक्समध्ये 2012 पासून ती लपवण्याची सोय आहे, पण व्यवस्थापकाने ती चालू केलेली असेलच असे नाही. म्हणून पासवर्ड आज्ञेच्या ओळीत कधीही लिहू नये.