कडीला भोक पाडण्याआधी : गिरमिटाची गोष्ट



सोलरची वायर घरात आडवी न्यायची होती. घर जुनं, कडीपाटाचं. सागाच्या कड्या, त्यांवर पाट, आणि माळ्यावर ज्वारीची पोती. वाटेत चार कड्या. वायरमन म्हणाला, "दादा, खालून खाच मारतो, दहा मिनिटांचं काम." मी म्हटलं, थांब. पलीकडच्या खणात काही वर्षांमागे अशीच खाच मारली होती, बरोबर मध्यावर. ती कडी तिथूनच तडकली आणि आज टेकूवर उभी आहे.

मग ठरवलं, खाच नको, भोक पाडू. पण कशाने आणि कुठे? त्याचं उत्तर शोधताना गिरमिटाचा सगळा इतिहासच समोर आला.

आपल्या सुतारांचं जुनं हत्यार म्हणजे सामता. दांड्याला दोरीचा वेढा द्यायचा आणि धनुकली मागेपुढे ओढायची. ही पद्धत फार जुनी. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं सापडली आहेत. पण सामता एकदा उजवीकडे फिरतो, एकदा डावीकडे. त्यामुळे तो लाकूड कापण्यापेक्षा खरवडतोच जास्त. बारीक भोकाला उत्तम, पण जाड कडीतून इंचभर भोक आरपार न्यायचं काम त्याचं नाही.

एकाच दिशेने फिरवत राहायची सोय झाली ती वाकड्या दांड्याच्या हातड्रिलमुळे. युरोपात रॉबर्ट कॅम्पिनच्या चित्रशाळेतल्या, साधारण १४३० च्या एका चित्रात सुतार जोसेफ अशा हत्याराने फळीला भोकं पाडताना दिसतो. मात्र तेव्हाचं पातं पळीसारखं होतं. भुसा आतच अडकायचा, म्हणून पातं पुन्हा पुन्हा बाहेर काढावं लागायचं. वरून जोर द्यायचा तो वेगळाच.

यावरचा उपाय म्हणजे मळसूत्र. इंग्लंडमध्ये १७७० च्या सुमारास फिनियस कुक याने पिळाचं गिरमिट केलं. १८०९ मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकटमध्ये एझ्रा लॉमेड्यू याने टोकाला स्क्रू असलेल्या गिरमिटाचं पेटंट घेतलं. टोकाचा स्क्रू गिरमिटाला स्वतःच लाकडात ओढून नेतो, कडेची धार भोकाचा घेर कापते, आतली धार ढलपी उचलते आणि पीळ ती बाहेर आणून टाकतो. १८५५ मध्ये रसेल जेनिंग्जने दुहेरी पिळाचं पेटंट घेतलं. त्याचं भोक एकदम स्वच्छ. पुढे ओहायोत मध्ये भरीव दांडा ठेवून आयर्विन गिरमिट आलं. ते वाकत नाही आणि ढलपीला जागाही जास्त देतं. ट्रॅक्टरमागचं खड्डे घेण्याचं ऑगर आणि मातीचा नमुना घेण्याचं पिळाचं ऑगर याच भावकीतले.

१८७४ चं फॉर्स्टनर बिट वेगळ्या कामाचं. ते कडेच्या गोल धारेवर चालतं, त्यामुळे भोकाचा तळ सपाट येतो. बिजागरीच्या खाचेला छान, पण खोल भोकात भुसा तुंबतो आणि बिट तापतं.

मग वीज आली. १८८९ मध्ये मेलबर्नला अर्नोट आणि ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. १८९५ मध्ये जर्मनीत फाइन बंधूंनी हातात धरता येईल असं ड्रिल केलं, तर १९१७ मध्ये ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारख्या मुठीचं पेटंट मिळालं. ताकद यंत्राची झाल्यावर साधं चपटं बिटही चालू लागलं. ते स्वस्त असतं आणि कानशीने धार लावता येते. पण पलीकडच्या बाजूने निघताना लाकूड फाडतं.

आता निवड. जुन्या कडीत खिळा असू शकतो. गिरमिट खिळ्यावर गेलं की टोक आणि धार दोन्ही गेली, म्हणून आधी लोहचुंबक फिरवून बघा. खिळ्याची खात्री नसेल तर स्वस्त चपटं बिट वापरा. लाकूड स्वच्छ असेल तर पिळाचं गिरमिटच घ्या. सागासारख्या टणक लाकडाला बारीक आट्यांचा स्क्रू बरा, मोठे आटे मऊ लाकडाला. सागात वाळूसारखा सिलिका असतो, धार लवकर बोथट होते. कडेच्या दातांना धार आतूनच लावा, बाहेरून घासलं तर घेर बिघडतो. ड्रिलचा वेग कमी ठेवा, बाजूची मूठ घट्ट धरा, नाहीतर अडकलं की मनगट मुरगळतं. आणि टोक पलीकडे डोकावलं की थांबा, उरलेलं भोक त्या बाजूने पाडा.

पण बिटापेक्षा जागा महत्त्वाची. ऊस वाकवून बघा, बाहेरची बाजू ताणून फुटते, आतली दबते, मधला गर शांत असतो. कडीचंही तसंच. वजन खाली ओढतं तेव्हा तळ ताणला जातो. म्हणून तळाची खाच सगळ्यात वाईट आणि उंचीच्या मध्यावरचं भोक सगळ्यात कमी नुकसानीचं.

इंग्लंडचा नियम असा : भोक उंचीच्या पावपटीपेक्षा मोठं नको, उंचीच्या बरोबर मध्यावर हवं आणि आधारापासून गाळ्याच्या ०.२५ ते ०.४ अंतरात हवं. अमेरिकेचा नियम : भोक उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत, पण वर-खाली दोन-दोन इंच लाकूड शाबूत हवं.

माझी कडी ५ इंच उंच, गाळा १० फूट. इंग्लंडच्या हिशेबाने सव्वा इंच, अमेरिकेच्या हिशेबाने १ इंच. मी १ इंच धरलं, २० मिमी पाइपाला पुरतं. जागा भिंतीपासून अडीच ते चार फुटांत. हे नियम चांगल्या, सरळ लाकडाचे आहेत. म्हणून आधी वाळवी, गाठ, तडा बघितला. चौथ्या कडीत त्याच जागी गाठ निघाली. तिला भोक नाही पाडलं, पाइप क्लिपा मारून खालून नेला. दिसायला थोडं वाईट दिसतं, पण वर वर्षभराची ज्वारी आहे.

कडी ४ इंचांची असेल तर अमेरिकेच्या नियमाने भोकाला जागाच उरत नाही. तिथे गिरमिट पेटीतच राहू द्या.

तुमच्या गावात सामता चालवणारे सुतार अजून आहेत का? असतील तर त्यांचा अनुभव खाली जरूर लिहा.