वाळ्याच्या ताटीपासून हीट पंपापर्यंत

सूर्य रोहिणी नक्षत्रात आला, नवतपा लागला, की पांढुर्णा-सौंसरच्या गल्ल्या दुपारी ओस पडतात. अशा वेळी एखाद्या जुन्या मातीच्या घराच्या माजघरात शिरावे. डोळ्यांना अंधार आणि अंगाला गारवा, दोन्ही एकदमच जाणवतात. अशी घरे आता थोडी उरली. त्यांच्या जागी स्लॅबची घरे आली, स्लॅब तापते म्हणून भिंतीवर एसी आला. सोय झाली हे खरे. पण या बदलात आपण काय मिळवले आणि काय दवडले, हे इतिहासाच्या वहीत मांडून पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणत. त्या पांढरीच्या मातीने हात-दीड हात जाडीच्या भिंती घालत. वर सातपुड्याचा साग आणि कवेलू. दुपारचे ऊन भिंतीतून आत झिरपायला इतका वेळ लागे की तोवर दिवस मावळे. मग दारे-खिडक्या उघडल्या की घर पुन्हा निवे. हिवाळ्यात याच भिंती चुलीची ऊब धरून ठेवत.

दुसरा उपाय पाण्याचा. पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता शोषून घेते. एका लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल. वाळ्याच्या ओल्या ताटीतून आलेला वारा म्हणूनच गार होतो. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तही वाळ्याच्या ताट्यांचे वर्णन आहे. श्रीमंतांच्या दाराला ताटी, गरिबाच्या कोपऱ्यात माठ; शास्त्र एकच. इंग्रज अमदानीत मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला जाई. रयत मात्र माठ आणि भिंतीच्या भरवशावर इथेच राही. पुढे वीज आली आणि ताटीला पंखा व पत्र्याची पेटी मिळून घरोघरी कूलर झाला. पण मृग बरसला, हवा दमट झाली, की ताटी आणि कूलर दोघेही हात टेकतात.

इथे तिसरा उपाय पुढे येतो, तो हीट पंपाचा. संत्र्याच्या बागेतला पंप पाणी निर्माण करत नाही, विहिरीतले वर चढवतो. हीट पंपही उष्णता निर्माण करत नाही. एका जागची उचलून दुसऱ्या जागी नेतो. नळ्यांतला द्रव घरातली उष्णता घेऊन वायू होतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो. बाहेरच्या नळ्यांत तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. आपला एसी म्हणजे एकाच दिशेने चालणारा हीट पंप. उलटी फिरवणारी झडप बसवली की तेच यंत्र हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणते. कॉइलचा हीटर एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो. हे यंत्र चांगले असेल तर तीन ते चार युनिट हलवते.

ही कल्पना कालची नाही. इमारती तापवण्या-थंडवण्याचा असा विचार विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ साली मांडला. तेव्हा आपल्या भागावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने ते खालसा केले. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या नगरभवनात १९३८ साली नदीच्या पाण्यातली उष्णता उचलून खोल्या उबदार केल्या गेल्या. गोठत्या देशाने नदीकडून ऊब उसनी घेतली!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीत हिंदी आली, माजघरात मराठी राहिली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. नकाशे बदलले, पण उन्हाला सीमा नाही. विजेलाही फारशी नाही; पेंचवरच्या तोतलाडोहच्या विजेत दोन्ही राज्यांचा वाटा आहे.

नव्या जिल्ह्यात नवी घरे उठतील. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नवतप्यात त्याचा आधारच आहे. पण उघड्या स्लॅबखाली एसी लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. शिवाय यंत्र उष्णता नाहीशी करत नाही. आपल्या खोलीतली काढून शेजाऱ्याच्या ओसरीकडे ढकलते. म्हणून आधी गच्चीला चुना, पश्चिमेला झाडाची सावली, रात्री वारा खेळेल अशा समोरासमोर खिडक्या; आणि मग, लागेल तेवढेच, लहान यंत्र. घेताना त्यावरची ताऱ्यांची पट्टी वाचावी. ती सोय २००६ पासून आपल्या देशात आहे.

आजोबांची भिंत रात्रीची वाट पाहत उष्णता परत करी आणि त्याचे बिल येत नसे. नातवाचे यंत्र तेच काम बटणासरशी करते, पण बिल पाठवते. भिंतीने अर्धे काम केले, तर बिलही निम्म्यावर येईल आणि शेजाऱ्याची ओसरीही निवलेली राहील.