कणकवली ते मुंबई विमानाने: हवेत दीड तास, घर ते घर किती?

चिपी (परुळे, ता. वेंगुर्ला) ते मुंबई हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर. छोट्या विमानाला दीड तासाच्या आतबाहेर लागतो. कणकवलीहून महामार्गाने मुंबई ४५० च्या आसपास. पण आपलं घर काय धावपट्टीला लागून नाही.

हिशोब असा धरा. कणकवलीहून कुडाळमार्गे चिपी सुमारे ५० किलोमीटर, सव्वा तास. दोन तास आधी पोचायचं. विमानात दीड तास. उतरून सामान घेऊन लालबाग-परळ गाठेपर्यंत आणखी दीड तास. झाले सव्वासहा! कणकवलीला थांबणारी वंदे भारत पावसाळा सोडून दादरला सहा तासांच्या आसपास नेते. फक्त ती रोज नसते, आणि पावसात कोकण रेल्वेवर सगळ्याच गाड्या हळू चालतात. इस्पितळाची तारीख गाठायची असेल तर आदल्या दिवशीच निघालेलं बरं.

चिपी ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं, पण मुंबईची सेवा मध्ये खंडितही झाली. म्हणून चाकरमान्यांनी गणपतीचा बेत त्या दिवशीचं विमान आहे का बघूनच करावा.

दुसरा पर्याय मोपा, ५ जानेवारी २०२३ पासून चालू. कणकवलीहून बांद्यामार्गे पाऊणशे किलोमीटर धरा. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ बघून पैसे भरू नका. ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा, ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ते पणजीच्याही पलीकडे. चिपीचं ‘एसडीडब्ल्यू’.