मालमोटारींचे पश्चरक्षक

मालमोटारीच्या किंवा तिला जोडलेल्या ट्रेलरच्या मागील टोकाखाली, जमिनीपासून ठराविक उंचीवर बसविलेली पोलादी आडपट्टी आणि तिला पेलणारे उभे आधार यांना मिळून पश्चरक्षक म्हणतात. मागून येऊन आदळणारी लहान मोटारगाडी ट्रेलरच्या तळाखाली शिरू नये, एवढेच या साधनाचे कार्य होय. साधन अत्यंत साधे असले, तरी त्याच्याविषयीच्या नियमांचा इतिहास सरळ नाही. तो प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) घडला. पट्टीची उंची ठरविणे सोपे होते. तिची ताकद ठरविण्यास मात्र त्यापुढे तब्बल ४३ वर्षे लागली.

ट्रेलरचा तळ जमिनीपासून सु. १·१ ते १·२ मी. उंच असतो. चाकांचा व्यास आणि गोदामाच्या धक्क्याची उंची यांमुळे तो खाली आणणे सहसा शक्य नसते. मोटारगाडीचा पुढील बंपर साधारणपणे ४० ते ५० सेंमी. उंचीच्या पट्ट्यात येतो. त्यामुळे पश्चरक्षक नसल्यास गाडीचा बंपर व एंजिनाकडील भाग कशालाही न आदळता ट्रेलरखाली जातो आणि तळाची कड थेट पुढील काचेवर, म्हणजे बसलेल्या माणसांच्या छाती-डोक्याच्या पातळीवर येते. मोटारगाडीच्या पुढील भागाची रचना आघाताच्या वेळी तो चुरगळून ऊर्जा शोषून घेईल अशी केलेली असते. सुरक्षापट्टे व हवेच्या पिशव्या यांची योजनाही हा भाग चुरगळणार हे गृहीत धरूनच केलेली असते. गाडी खाली शिरली, तर ही सर्व व्यवस्था निरुपयोगी ठरते. गाडीतील माणसांचा जीव अशा प्रसंगी दुसऱ्याच वाहनाच्या एका भागावर अवलंबून राहतो आणि त्या भागाचा खर्च त्या दुसऱ्या वाहनाच्या मालकाने करावयाचा असतो. पुढील बहुतेक वादांचे मूळ या विषम वाटणीत आढळते.

अ. सं. सं. मध्ये अर्धट्रेलरचा प्रसार पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाला. डिट्रॉइट येथील ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने १९१४ मध्ये बनविलेला ट्रेलर हा त्याचा एक प्रसिद्ध आरंभबिंदू मानला जातो. आंतरराज्य मालवाहतुकीचे नियंत्रण १९३५ च्या कायद्याने आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे आले आणि पश्चरक्षकाचा पहिला नियमही याच आयोगाने केला. १९५२ च्या अखेरीनंतर बनलेल्या वाहनांना लागू झालेल्या या नियमानुसार, वाहन रिकामे असताना आडपट्टी जमिनीपासून ३० इंचांपेक्षा (सु. ७६ सेंमी.) अधिक उंच असू नये, तिची टोके वाहनाच्या बाजूंपासून १८ इंचांपेक्षा (सु. ४६ सेंमी.) अधिक आत नसावीत आणि ती मागील कडेपासून २४ इंचांपेक्षा (सु. ६१ सेंमी.) अधिक पुढे नसावी, असे ठरले. ताकदीविषयी मात्र ती भक्कम बांधणीची व घट्ट जोडलेली असावी, एवढेच म्हटले होते. भक्कम म्हणजे किती, हे मोजण्याची कोणतीही कसोटी दिलेली नव्हती. शिवाय ३० इंच ही उंची मोटारगाडीच्या बंपरच्या बरीच वर असल्याने, नियमाचे अक्षरशः पालन करणाऱ्या ट्रेलरखालीही गाडी शिरू शकत होती. आयोगाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पट्टीला ‘आयसीसी बंपर’ हे नाव मिळाले. आयोग १९९५ च्या अखेरीस विसर्जित झाला. नाव मात्र मालमोटारचालकांच्या बोलीत टिकून राहिले.

२९ जून १९६७ रोजी पहाटे लुइझिअ‍ॅना राज्यात स्लायडेलजवळ अभिनेत्री जेन मॅन्सफील्ड यांची मोटारगाडी एका ट्रेलरवर मागून आदळली. डासनाशक धूर फवारणारे वाहन पुढे असल्याने ट्रेलरचा वेग मंदावला होता. पुढील आसनावरील तिघेही प्रौढ मृत्युमुखी पडले. मागील आसनावरील तीन मुले वाचली. या घटनेमुळे पश्चरक्षकाला ‘मॅन्सफील्ड बार’ असे लोकप्रिय नाव पडले आणि या अपघातानंतर लगेच कायदा होऊन पट्टी सक्तीची झाली, अशी समजूत रूढ झाली. ती बरोबर नाही. पट्टीची सक्ती अपघातापूर्वी चौदा वर्षांपासून होती आणि ताकदीचे प्रमाण लागू होण्यास अपघातानंतर आणखी तीस वर्षे लागली. अपघाताने विषयाला वाचा फुटली, इतकेच म्हणता येईल.

१९६६ च्या राष्ट्रीय वाहतूक व मोटारवाहन सुरक्षा कायद्याने संघीय शासनाला नवीन वाहनांसाठी सुरक्षा-प्रमाणे ठरविण्याचा अधिकार दिला होता. त्यानुसार १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चरक्षकाविषयी प्राथमिक सूचना निघाली आणि १९६९ मध्ये पट्टीची उंची १८ इंचांवर (सु. ४६ सेंमी.) आणण्याचा प्रस्ताव पुढे आला. ही उंची मोटारगाडीच्या बंपरशी जुळणारी होती. वाहतूक व्यावसायिकांचे आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते. जड पट्टीमुळे वाहून नेता येणाऱ्या मालाचे वजन तेवढे घटते. पट्टी खाली आली, की चढउताराच्या जागी, रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर किंवा धक्क्याच्या उतारावर ती जमिनीला घासते. १९७१ मध्ये, होणारा लाभ खर्चाच्या मानाने पुरेसा नाही, या कारणावरून प्रस्ताव मागे घेण्यात आला.

खर्च आणि लाभ यांचा हा हिशोब पुढेही वारंवार मांडला गेला. खर्चाची बाजू पोलादाच्या वजनावरून व इंधनावरून बरीच अचूक काढता येते. लाभाची बाजू मात्र पोलिसांच्या अपघात-नोंदीवर अवलंबून असते आणि अनेक राज्यांच्या नोंदपत्रकांत ‘गाडी खाली शिरली’ अशा नोंदीसाठी स्वतंत्र रकानाच नव्हता. अपघात मागून झालेली टक्कर म्हणून नोंदला जाई आणि मृत्यूचे खरे कारण त्यात हरवून जाई. अ. सं. सं. च्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालात जड मालमोटारींखाली गाडी शिरून होणाऱ्या मृत्यूंची नोंदलेली वार्षिक सरासरी सु. २१९ दिली आहे. मात्र व्याख्या व नोंदपद्धती राज्याराज्यांत भिन्न असल्याने खरा आकडा अधिक असण्याचा संभव त्याच अहवालाने व्यक्त केला. जे मोजले गेले नाही ते हिशोबात शून्य धरले गेले, हा या इतिहासातील सर्वांत मोठा दोष होय.

विमा कंपन्यांच्या अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९७७ मध्ये प्रत्यक्ष टकरींच्या चाचण्या करून प्रचलित पट्टी निष्प्रभ असल्याचे दाखवून दिले व नवीन प्रमाणाची मागणी केली. १९८१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मध्यम ताकदीच्या, सु. ५५ सेंमी. उंचीवरील पट्टीचा प्रस्ताव मांडला. त्यात १९९२ मध्ये फेरफार झाले आणि अंतिम नियम २४ जानेवारी १९९६ रोजी प्रसिद्ध झाला. तो २६ जानेवारी १९९८ पासून बनणाऱ्या ट्रेलरना लागू झाला. मधल्या काळात पट्टीला एक अनपेक्षित काम मात्र मिळाले होते. माल चढविताना-उतरविताना ट्रेलर धक्क्यापासून सरकू नये म्हणून गोदामांतून आकड्यांची यंत्रे बसविण्यात येऊ लागली आणि ती आकडे याच पट्टीला अडकवीत.

१९९६ च्या नियमाचे दोन भाग होते. प्रमाण क्र. २२३ खुद्द पश्चरक्षकाला, तर क्र. २२४ त्या पश्चरक्षकाच्या ट्रेलरवरील बसवणुकीला लागू होते. ४,५३६ किग्रॅ. पेक्षा अधिक भारक्षमतेच्या ट्रेलरवर पट्टी जमिनीपासून ५६ सेंमी. पेक्षा उंच नसावी, तिची टोके बाजूंपासून १० सेंमी. च्या आत यावीत आणि ती मागील कडेपासून ३०·५ सेंमी. पेक्षा अधिक पुढे नसावी, असे ठरले. पट्टीने टोकाकडे व मध्यावर प्रत्येकी ५०,००० न्यूटन आणि उभ्या आधारांच्या जागी १,००,००० न्यूटन एवढा जोर १२·५ सेंमी. पेक्षा अधिक न वाकता सहन करावा व ५,६५० जूल ऊर्जा शोषून घ्यावी, अशी कसोटी होती. तिच्यात गाडी आदळवून पाहावयाची नसून दट्ट्याने हळूहळू जोर लावावयाचा होता. लहान कारखानदारांना ट्रेलर मोडून चाचणी घेणे परवडणार नाही, म्हणून पट्टी ट्रेलरऐवजी एखाद्या दृढ चौकटीवर बसवून तपासण्याची मुभा देण्यात आली. ही सवलत समजण्याजोगी असली, तरी तिच्यामुळे पट्टी आणि ट्रेलर यांमधील जोड तपासणीतून निसटला. मागील चाके अगदी टोकाशी असलेले, बुटक्या बांधणीचे व लाकडाचे ओंडके वाहणारे काही ट्रेलर नियमातून वगळले गेले. ट्रेलर नसलेल्या एकसंध मालमोटारींना तर १९५३ चाच जुना नियम लागू राहिला.

पट्टीचे काम ऊर्जा शोषण्याचे की गाडी अडविण्याचे, याविषयी बराच खल झाला. १,५०० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी ताशी ४८ किमी. वेगाने आदळल्यास तिची गतिज ऊर्जा सु. १,३३,००० जूल भरते. वेग ताशी ५६ किमी. झाल्यास ती सु. १,८१,००० जूल होते, म्हणजे वेगातील एक षष्ठांश वाढीने ऊर्जा एक तृतीयांशाहून अधिक वाढते. यातील फारच थोडा अंश पट्टी स्वतः शोषते. गाडीच्या पुढील भागाला चुरगळण्यासाठी टणक आधार मिळवून देणे, हेच तिचे खरे काम ठरते. फार ताठ पट्टीमुळे गाडीतील माणसांना अधिक इजा होईल, ही प्रारंभीची शंका गाड्यांची रचना सुधारत गेल्यावर मागे पडली.

युरोपात विचाराची दिशा तीच होती, पण पावले लवकर पडली. युरोपीय आर्थिक समुदायाच्या १९७० च्या निर्देशात पश्चरक्षकाचा समावेश होता. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा विनियम क्र. ५८ हा १९८३ मध्ये अमलात आला व त्याच वर्षी ब्रिटनमध्येही नवीन ट्रेलरना पश्चरक्षक सक्तीचा झाला. भारतात याच धाटणीचे आयएस १४८१२ हे मानक भारतीय मानक ब्यूरोने २००५ मध्ये काढले. कॅनडाने मात्र स्वतंत्र मार्ग धरला. तेथे २००७ पासून पट्टीवर सर्वत्र विभागून ३,५०,००० न्यूटन जोर लावण्याची व २०,००० जूल ऊर्जाशोषणाची कसोटी लागू झाली. ताशी ५६ किमी. वेगाची लहान गाडी अडविणे हे तिचे उद्दिष्ट होते. एकच ट्रेलर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना चालत असल्याने अमेरिकी कारखानदारांपैकी अनेकांनी कॅनडाचीच कसोटी स्वीकारली. ही घडामोड स्वदेशातील नियमापेक्षा अधिक परिणामकारक ठरली, असे मानण्यास जागा आहे.

महामार्ग सुरक्षा संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, नियमात बसणाऱ्या काही पट्ट्यांचे जोड आघाताने उखडल्याचे दिसून आले. २०१३ मध्ये आठ प्रमुख कारखानदारांच्या ट्रेलरची परीक्षा झाली. गाडी मधोमध आदळली असता आठही पट्ट्या टिकल्या. गाडीची निम्मी रुंदी आदळली असता एक निकामी ठरली. परंतु केवळ ३० टक्के रुंदी ट्रेलरच्या कोपऱ्यावर आदळली, तेव्हा एकच टिकली. उभे आधार ट्रेलरच्या मध्याकडे असल्याने आडपट्टीची टोके निराधार लोंबत राहतात, हे त्याचे कारण होय. आधार बाहेरच्या बाजूस सरकविण्याचा उपाय काही कारखानदारांनी योजला. पुढील वाहन दिसताच गाडी बाजूला वळविण्याचा प्रयत्न चालक करतो, त्यामुळे कोपऱ्यावरील टक्कर विरळा म्हणता येत नाही.

वाहन वेळीच दिसावे, हाही स्वतंत्र उपाय होता आणि तो पट्टीपेक्षा फार लवकर मान्य झाला. १९९३ च्या डिसेंबरपासून बनलेल्या ट्रेलरवर तांबड्या-पांढऱ्या परावर्तक पट्ट्या सक्तीच्या झाल्या. त्यांमुळे अंधारातील बाजूच्या व मागील टकरी सु. २९ टक्क्यांनी घटल्याचे २००१ मधील शासकीय अभ्यासात आढळले. चिकटपट्टी स्वस्त होती व तिच्या वजनाने माल कमी होत नव्हता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी संमत झालेल्या पायाभूत सुविधाविषयक कायद्याने पश्चरक्षकाचे प्रमाण वाढविण्याचा आदेश दिला आणि १५ जुलै २०२२ रोजी नवीन नियम प्रसिद्ध झाला. त्याने कॅनडाच्या धर्तीवर ३,५०,००० न्यूटन व २०,००० जूल या मर्यादा स्वीकारल्या. त्यांचे पालन जुलै २०२४ पासून बंधनकारक झाले. बहुतेक नवीन ट्रेलर तोपर्यंत त्या कसोटीला उतरतच होते. कोपऱ्यावरील ३० टक्के टकरीची अट मात्र घालण्यात आली नाही आणि त्याबद्दल नियमावर टीका झाली.

नवीन प्रमाण नवीन ट्रेलरनाच लागू होते आणि ट्रेलर वीस वर्षे व त्याहूनही अधिक काळ रस्त्यावर राहतो. धक्क्यावर मागे घेताना पट्टीला वारंवार ठोकर बसते, आधार वाकतात आणि हिवाळी मिठाने पोलाद गंजते. तरीही वार्षिक तपासणीच्या अनिवार्य यादीत पश्चरक्षकाचा समावेश प्रथमच झाला तो नोव्हेंबर २०२१ मधील नियमाने, म्हणजे पट्टी सक्तीची झाल्यानंतर अडुसष्ट वर्षांहून अधिक काळाने.