पिकवणारा आणि पिणारा

कोणत्याही पेयाचा इतिहास पाहताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत. ते पिकवले कोणी, आणि प्यायले कोणी? इंडोनेशियात ह्या प्रश्नांची उत्तरे दीर्घकाळ वेगवेगळी होती. तेथील माणूस आज कॉफी व चहा ज्या रीतीने पितो, तिची मुळे ह्या अंतरातच सापडतात.

कॉफी मूळची जावाची नव्हे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६९६ मध्ये आपल्याच मलबार किनाऱ्यावरून तिची रोपे बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्तास, नेली. ती पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा आणली तेव्हा रुजली. पुढे १८३० मध्ये गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉश ह्याने सक्तीच्या लागवडीची पद्धत सुरू केली. रयतेने सरकार सांगेल ते पीक काढावे व सरकार ठरवील त्या भावाने सरकारी वखारीत घालावे, असा तिचा मतलब. हॉलंडचा खजिना ह्या पिकांवर भरला. हा जुलूम माजी अधिकारी एदुआर्द डाउवेस डेकर ह्याने ‘मुल्तातुली’ ह्या टोपणनावाने १८६० मध्ये ‘माक्स हाव्हेलार’ ही कादंबरी लिहून वेशीवर टांगला.

पश्चिम सुमात्रात ही सक्ती १८४७ मध्ये आली. मिनांगकाबाऊ शेतकऱ्याच्या कॉफीचे बी वखारीत जाई. घरी तो झाडाची पाने विस्तवावर वाळवून, पाण्यात उकळून, नारळाच्या करवंटीतून पीत असे. १९०८ मध्ये सक्ती उठली, तिच्या जागी रोख कर आला आणि लोकांनी बंड केले. पानांचे ते ‘कावा दाउन’ तेथे अजूनही पितात.

१८७६ पासून तांबेरा रोगाने मळे उजाड केले. विसाव्या शतकाच्या आरंभी कणखर पण कडवट अशी रोबस्टा कॉफी आली. पेल्यात पूड व साखर घालून वर उकळते पाणी ओतायचे आणि गाळ खाली बसला की प्यायचे, ही ‘कोपी तुब्रुक’ आज घरोघर चालते.

चहाचीही कथा ह्याच वळणाची. १८२६ मध्ये जपानी बियाणे आणि १८७८ मध्ये आसामी जात आली. उत्तम पत्ती परदेशी जाई. मागे राहिलेल्या हलक्या पत्तीस मोगऱ्याच्या कळ्यांचा वास देण्याची रीत पडली. तेगल भागात हा चहा मातीच्या चहादाणीतून खडीसाखरेवर ओततात व न ढवळता पितात. आधी कडू घोट, मग गोड.

गरजेने लागलेली सवय पिढ्यांनंतर आवड होते, आणि आवड झाली की तिच्यामागची गरज विस्मृतीत जाते. आज इंडोनेशियाच्या कॉफीचा मोठा वाटा इंडोनेशियातच प्यायला जातो, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि त्या पेल्याचे कौतुक करताना जुना हिशेबही सांगितला पाहिजे. ज्यांनी बी पिकवले त्यांच्या हाती एके काळी पानेच उरली होती.