धर्मादाय, पैसाफंड आणि साप्ताहिक बैठक

बुलढाणा जिल्ह्यांत खामगांव किंवा मलकापूर यांसारख्या एखाद्या गांवीं सायंकाळीं वीस-पंचवीस प्रतिष्ठित मंडळी एकत्र जमतात. अध्यक्षांच्या गळ्यांत अधिकाराचा पट्टा असतो; टेबलावरील लहानशी घंटा वाजली कीं बैठक सुरू होते. मागील बैठकीचें इतिवृत्त वाचलें जातें, उशिरां आलेल्या सभासदाकडून हंसतखेळत दंड वसूल होतो, आणि मग नेत्रशिबिराला किती खर्च आला, वर्गणी किती जमली, शाळेंत वह्या वांटावयास कोण जाणार, असल्या गोष्टी निघतात. वकील, डॉक्टर, जिनिंगचा मालक, आडत्या, प्राध्यापक अशी ही मंडळी. ही रोटरीची किंवा लायन्सची बैठक. हा सारा प्रकार म्हणजे साहेबी थाटाची करमणूक, असें कांहीं लोक म्हणतात. संघटित सेवा म्हणजे काय हें आम्हांस याच मंडळींनीं शिकविलें, असें दुसरे कांहीं म्हणतात. आम्हांस हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात, आणि तीं अपुरीं कां, हें पाहण्यासाठीं जरा मागें जावें लागतें.

१९०५ हें साल आमच्या जिल्ह्याच्या इतिहासांत सहज लक्षांत राहण्यासारखें आहे. त्या सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली आणि खामगांव व जळगांव हे तालुके अकोल्यांतून काढून बुलढाण्यास जोडले गेले. त्याच सालीं, २३ फेब्रुवारी रोजीं, अमेरिकेंतील शिकागो शहरांत पॉल हॅरिस नांवाच्या एका वकिलानें आपले तीन स्नेही जमविले: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपी. पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत बसावयाचें ठरलें, म्हणून संस्थेचें नांव फिरतें, म्हणजे रोटरी, असें पडलें. (शेगांवीं श्रीगजाननमहाराज प्रगट झाले तो दिवसही परंपरेनें २३ फेब्रुवारी, सन १८७८, असाच सांगतात. हा निव्वळ योगायोग. पण जिल्ह्यांतील एखाद्या रोटरीवाल्यास तो सांगितला कीं त्याची मुद्रा प्रसन्न होते, हा आमचा अनुभव आहे.) त्या चौघांच्या मनांत आरंभीं लोकसेवा नव्हती, परक्या शहरांत ओळखी व्हाव्यात, धंद्यास मदत व्हावी, एवढाच हेतु. सेवा मागाहून आली, आणि १९०७ सालीं त्यांनीं हातीं घेतलेलें पहिलें मोठें काम म्हणजे शहरांत सार्वजनिक शौचकूप बांधवून घेण्याची खटपट. आरंभ किती साधा असूं शकतो, तें यावरून दिसतें.

या मंडळींचे दोन नियम मोठे धोरणाचे होते. एक, प्रत्येक धंद्याचा सभासद एकच घ्यावयाचा. दुसरा, हजेरी, आपल्या गांवची बैठक चुकली तर दुसऱ्या गांवच्या बैठकीस जाऊन ती भरून काढावयाची. कलकत्त्यास १९२० सालीं आणि मुंबईस १९२९ सालीं हे क्लब निघाले ते या नियमांसह. लायन्सची संस्था १९१७ सालची, तीही शिकागोचीच; तिचा हिंदुस्थानांत प्रवेश १९५६ सालीं झाला. पुढें तालुक्यातालुक्यांतून शाखा पसरल्या तो इतिहास येथें विस्तारानें देण्याचें कारण नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. ही घंटा आमच्या गांवांत वाजण्यापूर्वीं येथें लोककार्यासाठीं पैसा जमत नव्हता काय?

जमत होता, आणि भरपूर जमत होता. खामगांवच्या कापसाच्या बाजाराची कीर्ति एके काळीं विलायतेपर्यंत गेलेली. त्या बाजारासाठींच जलंबपासून आठ मैलांचा खास आगगाडीचा फांटा घातला गेला आणि १८७० सालीं खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनीं तो खुला केला. या बाजारांत शेतकऱ्यानें गाडी आणली, भाव ठरला, माप झालें, कीं त्याच्या पट्टींतून आडत कापली जाई, हमाली कापली जाई, तोलाई कापली जाई, आणि शेवटीं एक बारीकशी रक्कम ‘धर्मादाय’ म्हणून कापली जाई. एका गाडीमागें ती क्षुल्लक. पण हंगामांत हजारों गाड्या येत. या पैशांतून कोठें धर्मशाळा झाली, कोठें गोरक्षण चाललें, कोठें पाणपोई बसली. कामें चांगलीं होतीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु या दानाची रचना पहा. पैसा शेतकऱ्याचा, तो त्यास न विचारतां घेतलेला, वही आडत्याची, आणि धर्मशाळेच्या दारावरील शिळेवर नांव शेठजींचें! ज्यानें दिलें त्यास आपण दिलें याची जाणीवसुद्धां नाहीं, आणि ज्याची जाणीव सर्वांस आहे त्यानें स्वतःच्या गांठीचें किती दिलें, हें कोणी पाहिलें नाहीं.

सरकारनें १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा केला. देशांतील अशा कायद्यांत तो अगदीं आरंभींचा. पण त्या समित्यांवर वजन राहिलें तें व्यापाऱ्यांचें, आणि १९२८ सालीं अहवाल देणाऱ्या शाही शेती कमिशननेंही या उणीवेवर बोट ठेवलें. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें समित्यांवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बहुसंख्य केले. म्हणजे ज्याचा पैसा त्याला बैठकींत बसावयास जागा मिळण्यास या बाजारांत साठांहून अधिक वर्षें लागलीं.

याच्या अगदीं उलट नमुना वऱ्हाडाबाहेर, पुणें प्रांतीं दिसतो. अंताजी दामोदर काळे यांनीं गेल्या शतकाच्या आरंभीं पैसाफंड काढला. माणशीं वर्षाला एक पैसा, याहून अधिक मागणें नाहीं. त्या काळीं रुपयाचे चौसष्ट पैसे. तेव्हां एक रुपया जमवावयास चौसष्ट माणसांपुढें हात पसरावा लागे आणि चौसष्ट वेळां आपलें म्हणणें समजावून सांगावें लागे. हिशेबी माणसास ही रीत वेडगळ वाटेल. तरी लोकमान्य टिळकांसारख्यांनीं तिला उचलून धरलें आणि १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. देणारा येथें विचारून देत होता, आणि कोणाचेंही नांव शिळेवर जाणें शक्य नव्हतें, कारण तेवढी मोठी शिळा मिळाली नसती.

तिसरा नमुना घरचाच आहे. शेगांवच्या संस्थानाची स्थापना १२ सप्टेंबर १९०८ ची, महाराजांच्या हयातींतली. समाधि ८ सप्टेंबर १९१० ची. तेथें गेलेल्या प्रत्येकानें पांढऱ्या पोषाखांतले सेवेकरी पाहिले आहेत. कोणी जोडे सांभाळतो, कोणी प्रसादाच्या पंक्तींत वाढतो, कोणी हातांत झाडू घेऊन अंगण लोटतो. हे बहुतेक खेड्यापाड्यांतील शेतकरी. ठराविक दिवसांची पाळी करावयाची, मोबदला घ्यावयाचा नाहीं, आणि पाळी मिळावी म्हणून वाटही पहावयाची. संस्थानचे व्यवस्थापक शिवशंकरभाऊ पाटील, जे ४ ऑगस्ट २०२१ रोजीं निवर्तले, यांनीं ही शिस्त अनेक वर्षें जोपासली. येथें हजेरी आहे, पाळी आहे, हिशेब आहे. रोटरीचे बहुतेक गुण आहेत. फक्त ज्यास सेवेची गरज लागते तो आणि जो सेवा करतो तो, असे दोन वर्ग येथें नाहींत. आज ताट वाढणारा उद्यां त्याच पंक्तींत जेवावयास बसतो.

आतां क्लबाकडे परत येऊं. त्याचें खरें देणें कोणतें, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. आमच्या सार्वजनिक कार्यांचा जुना रोग म्हणजे आरंभशूरपणा. पहिल्या सभेस गर्दी, तिसऱ्या सभेस चिटणीस एकटाच. आठवड्याच्या आठवड्याला भेटण्याच्या सक्तीनें या रोगावर औषध काढलें. रोटरीनें १९८५ सालीं बालपक्षाघाताविरुद्ध जगभर मोहीम काढली, आणि ती दोन-चार वर्षांत विझली नाहीं. १९९५ पासून सरकारचे पल्स पोलिओचे दिवस सुरू झाले, तेव्हां गांवोगांवच्या केंद्रांवर सरकारी सेवकांच्या बरोबरीनें ही मंडळीही उभी राहिली. देशांतील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमध्यें हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपल्याकडून पोलिओ गेल्याचा दाखला मिळाला. वीस-पंचवीस वर्षें एकच काम न कंटाळतां करणें, हें एका उत्साहाच्या भरांत होत नाहीं.

पण धंद्यागणिक एक सभासद हा नियम आमच्या जिल्ह्यांत येतांच त्याचा अर्थ कांहींसा पालटला. शिकागोचा शिंपी त्या पहिल्या चौघांत होता. आमच्याकडे टेबलाभोंवतीं कापूस विकत घेणारा आला, पिंजणारा आला, कापसाच्या कज्जांत वकीलपत्र घेणारा आला. कोरडवाहू रानांत तो पिकविणारा मात्र सहसा आला नाहीं. बायकांस तर १९८९ पर्यंत नियमानेंच मज्जाव होता. परिणाम असा कीं खेड्यांत शिबीर भरतें, खर्चही प्रामाणिकपणें होतो. परंतु शिबीर डोळ्यांचें भरवावें कीं दुसरें कांहीं, हें ज्याच्यासाठीं भरवावयाचें त्यास कोणी विचारलेलें नसतें. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या जिल्ह्यांतील ज्या घरांतले कर्ते पुरुष कर्जापायीं आत्मघात करून गेले, त्यांच्या मुलांस वह्या-पुस्तकें देणें योग्यच. पण बाप जिवंत असतां त्याच्याशीं एका टेबलावर बोलण्याची संधि या बैठकीस क्वचितच मिळाली. आडत्याच्या वहींतलें धर्मादायाचें पान आम्हांस येथें आठवतें. अर्थात् हे सभासद स्वतःच्या खिशांतून देतात, हा फरक मोठा आहे आणि तो आम्ही विसरत नाहीं.

२०१६ सालीं रोटरीनें साप्ताहिक बैठकीचें बंधन सैल केलें. महिन्यांतून दोन वेळां जमलें तरी चालेल, असें ठरविलें. पुष्कळ जुन्या सभासदांस हें रुचलें नाहीं. आम्ही म्हणतों, जिल्ह्यांतील ज्या क्लबांनीं ही सवलत घेतली असेल, त्यांच्याजवळ महिन्याच्या दोन सायंकाळी शिल्लक उरतात. त्यांतली एखादी त्यांनीं घंटा न वाजवितां बाजार समितीच्या आवारांत, कापसाच्या गाड्या उभ्या असतात तेथें, काढून पहावी. इतिवृत्त लिहिणाऱ्यास तेथें खुर्ची मिळणार नाहीं. गाडीच्या जुवावर टेंकून लिहितां येतें.