कुर्ल्यातील घरगुती धंदा आणि त्याची जाहिरात

घरगुती धंद्याच्या जाहिरातीचा इतिहास सहसा वर्तमानपत्रांपासून सांगतात. कुर्ल्यात तो खानावळीपासून धरावा लागतो. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये इथली धरमसी मिल विकत घेतली आणि तिची स्वदेशी मिल झाली. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून राहत आणि एखाद्या बाईच्या खोलीत महिन्याच्या बोलीवर जेवत. गाववाला गाववाल्याला घेऊन येई, पैसे पगाराला मिळत. ओळख हीच जाहिरात होती. पण ओळख संपे तिथे धंद्याची हद्दही संपे.

ती हद्द ओलांडायची तर दारोदार फिरणे आले. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळच्या घरातून विकोचा धंदा सुरू केला, तेव्हा माल घरोघर नेऊन विकला. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाला हात घातला. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांनी घडवलेला, लिज्जतच्या दूरदर्शनवरच्या जाहिरातीतला ससा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. आधी माल लोकांच्या जिभेवर रुजला, मग जाहिरात मोठी झाली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कुर्ल्यातल्या शिवणकामवालीला किंवा मसालेवालीला दूरदर्शन कधीच परवडणारे नव्हते. तिच्या कामाला आले स्टेशन. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून निघाली ती कुर्ल्यालाच आली. मुख्य आणि हार्बर मार्ग इथे भेटतात, त्यामुळे पुलाच्या पायथ्याशी हँडबिले वाटायला गर्दी आयती मिळे. डब्यात शिकवण्यांचे, घरबसल्या कामाचे स्टिकर चिकटत. बहुतेक कागद पायदळी जात. शिवाय भिंती विद्रूप करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आला.

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर लागत. म्हणून विशेषणे आधी गळत आणि माल, ठिकाण, भाव, फोन एवढेच उरे. घरगुती धंद्याला लिहिण्याची शिस्त लावली ती या दरपत्रकाने.

गूगलने २००० मध्ये जाहिरातसेवा सुरू केली आणि तीच शिस्त परत आली. आज तिथे एका मथळ्याला ३० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. ‘घरगुती पुरणपोळी, कुर्ला पूर्व’ हा मथळा त्यात बसतो. ‘उत्कृष्ट चवीची परंपरा’ हाही बसतो, पण पुरणपोळी शोधणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. गूगलवर माणूस गरज टाइप करून येतो, म्हणून उत्तर नेमके हवे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर कोणी काही मागितलेले नसते. तिथे स्वतःच्या ओट्यावर, दिवसाच्या उजेडात काढलेला पोळीचा फोटो उधारीच्या चकचकीत चित्रापेक्षा जास्त विश्वास मिळवतो. २०१८ मध्ये व्हॉट्सअॅप बिझनेस आल्यावर ऑर्डरची बोलणी पुन्हा दोन माणसांत होऊ लागली. दावे मात्र जपूनच करावेत: मधुमेह बरा करणारे लाडू अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपायविषयक कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते नकाशावर. जाहिरात कुठे दिसावी यासाठी घराभोवती वर्तुळ आखता येते, पण वर्तुळाला रूळ दिसत नाहीत. कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरातून, म्हणजे ४०००२४ मधून, गरम डबा पश्चिमेच्या ४०००७० मध्ये न्यायचा तर आधी रूळ ओलांडावे लागतात, आणि गर्दीच्या वेळी नकाशावरच्या अंतराला अर्थ उरत नाही. म्हणून पूर्वेच्या डबेवालीने पूर्वेचे पिनकोड निवडावेत आणि पश्चिम वगळावी. पश्चिमेच्या घराला वांद्रे-कुर्ला संकुल जवळ. तिथल्या कचेऱ्यांसाठीची जाहिरात सकाळीच दाखवावी, जेवणाची सुट्टी झाल्यावर नव्हे. क्लिकवर आकारणी असलेल्या जाहिरातीत डबा पोहोचवता न येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या क्लिकचेही पैसे भरावे लागतात.